संग्रही ठेवावी अशी पेटी

गेली तीस वर्षे मी पुस्तकांची परीक्षणे लिहीत आलो आहे. या उद्योगात पैसा मिळत नाही, पुस्तके मिळतात. आणि ज्यांनी ती पाठवलेली असतात ते लेखक लग्नकार्यात आपल्याला पाहून पंगत बदलतात. परीक्षणाची एक मळलेली वाट असते. आधी आशय, मग अभिव्यक्ती, मग ‘काही ठिकाणी मुद्रणदोष राहून गेले आहेत’ हे वाक्य (पुस्तक न वाचताही हे हमखास खरे ठरते), आणि शेवटी मुखपृष्ठ समर्पक, बांधणी मजबूत, किंमत थोडी जास्त, तरीही प्रत्येकाने संग्रही ठेवावे असे पुस्तक! या वाटेने मी काव्यसंग्रह नेले, कादंबऱ्या नेल्या, एकदा तर मधुमेह्यांना पक्वान्ने शिकवणारा एक ग्रंथही नेला. आज मात्र एका पेटीचे परीक्षण करायचे आहे. पेटीबरोबर सोळा पानांची पुस्तिका आली आहे, तेव्हा वाङ्मयाशी संबंध अगदीच तुटलेला नाही.

पेटी म्हटल्यावर तुमच्यापुढे हार्मोनियम आली असेल, तर ती आधी बाजूला ठेवा. ही पेटी वाजत नाही. ही चिरूट ठेवण्याची पेटी. तिला इंग्रजीत ह्युमिडॉर म्हणतात. आकाराने आमच्या आजीच्या फणेरपेटीपेक्षा जरा मोठी, बाहेरून तपकिरी, आरशासारखी चकचकीत. झाकण उघडले की आत फिकट लालसर लाकूड, झाकणाच्या आतल्या अंगाला पाणी पिणारा एक स्पंज जाळीत बसवलेला, आणि समोर पितळी कडीची घड्याळासारखी एक तबकडी. तिच्यावरची सुई वेळ दाखवत नाही, हवेतला ओलावा दाखवते. निदान दाखवते असा समज आहे. त्या समजाबद्दलच पुढे लिहायचे आहे.

मी स्वतः चिरूट ओढत नाही. सिगरेट, विडी, तपकीर, मशेरी यांपैकी कशाशीही माझा संबंध नाही. लग्नातला विडासुद्धा मी बायकोला देऊन टाकतो. नेमक्या याच गुणामुळे ही पेटी माझ्या घरी आली.

पेटी नानामामांची. नानामामा आयुष्यभर व्यापारी जहाजांवर इंजिनिअर होते. शेवटी चीफ इंजिनिअर झाले. २००४ साली निवृत्त झाले तेव्हा जहाजावरच्या सहकाऱ्यांनी रॉटरडॅमच्या बंदरात त्यांना ही पेटी आणि आत पन्नास हवाना चिरूट भेट दिले. मामा पुण्याला स्थायिक झाले. मुलीचे लग्न, नातवाचे बारसे, भारत जिंकलेला क्रिकेटचा सामना, अशा निमित्तांनी गच्चीवर जाऊन एकेक चिरूट ओढायचे. जहाजावरच्या तीस वर्षांत सिगरेटी मात्र अगणित झाल्या होत्या. २०१६ साली डॉक्टरांनी छातीचा फोटो दिव्यासमोर धरला, मामींनी तो पाहिला, आणि त्याच संध्याकाळी पेटी घराबाहेर काढण्याचा हुकूम सुटला. पन्नासांपैकी अठरा शिल्लक होते.

मामांनी मला बोलावून घेतले. म्हणाले, “तुझ्याकडे ठेव. माझे सगळे मित्र ओढणारे. त्यांच्याकडे ठेवली तर आठवड्यात रिकामी होईल. तू सुपारीसुद्धा खात नाहीस. मांजराला दूध राखायला ठेवायचं तर मांजर असं पाहिजे, की ज्याला दूध आवडत नाही.”

अशा रीतीने ते मांजर पेटी मांडीवर घेऊन पुण्याहून ठाण्याला आले.

आता परीक्षण. प्रथम बांधणी. पेटीच्या आतले लाकूड ‘स्पॅनिश सीडर’ या नावाने ओळखले जाते. ज्याप्रमाणे काही समीक्षाग्रंथांत समीक्षा नसते आणि ग्रंथही नसतो, त्याप्रमाणे हे झाड स्पॅनिश नाही आणि सीडरही नाही. ते उगवते मध्य आणि दक्षिण अमेरिकेत, वेस्ट इंडीजच्या बेटांवर. आणि वनस्पतिशास्त्राच्या वंशावळीत ते आपल्या कडुनिंबाच्या कुळातले आहे. हे समजल्यावर माझा त्या पेटीविषयीचा परकेपणा निम्म्याने कमी झाला. आमची आजी वर्षाचे गहू भरताना कणगीत कडुनिंबाचा पाला घालायची. क्यूबाच्या शेजारपाजारच्या लोकांनी तंबाखूसाठी त्याच घराण्यातला एक दूरचा चुलतभाऊ शोधून काढला. हे लाकूड ओलावा शोषून धरते, दमट हवेत सहसा वेडेवाकडे होत नाही, आणि त्याचा वास किड्यांना आवडत नाही. किडा तरी कोणता? तंबाखूचा भुंगेरा. दिसायला एवढुसा, तांबूस, पाठीला कुबड आलेला. फक्त चिरूट खातो इतका काही तो षौकीन नाही. हळदीच्या डब्यातसुद्धा तो तितक्याच आवडीने संसार मांडतो. तेव्हा बांधणी उत्तम, परंपरेशी नाते सांगणारी, असा शेरा द्यायला हरकत नाही.

आता आशय. पुस्तिकेचे म्हणणे थोडक्यात असे: चिरूट म्हणजे नुसती गुंडाळलेली पाने नव्हेत, तो जिवंत असल्यासारखा वागतो. तंबाखूचे पान भोवतालच्या हवेतला ओलावा घेते आणि सोडते. हवा कोरडी पडली तर पान वाळते, त्यातली सुगंधी तेले उडून जातात, वरचे आवरण तडकते आणि चिरूट गवताच्या काडीसारखा भडभडा जळतो. हवा ओली झाली तर चिरूट फुगतो, ओढ लागत नाही, एका अंगाने जळतो, दर दोन मिनिटांनी विझतो. त्याहून ओली झाली तर बुरशी धरते. म्हणून पेटीत ओलावा कायम ७० टक्के ठेवावा आणि उष्णता २१ अंश सेल्सियस. दर पंधरा दिवसांनी स्पंजाला पाणी पाजावे. पाणी नळाचे नको, त्यातल्या क्षारांनी स्पंजाची छिद्रे बुजतात. डिस्टिल्ड वॉटरच हवे.

हे डिस्टिल्ड वॉटर आपल्याकडे बॅटरीच्या दुकानात मिळते. मी गेलो. दुकानदाराने विचारले, “इन्व्हर्टर कोणता आहे?” मी म्हटले, “इन्व्हर्टर नाही, चिरूट आहेत.” त्याने मला पाण्याची बाटली दिली, पण पैसे परत देताना ते माझ्या हातात न देता काउंटरवर ठेवले.

घरी आमच्या सौभाग्यवतींनी पहिल्याच दिवशी जे समीक्षात्मक विधान केले ते मी जसेच्या तसे नोंदवतो. “डब्यात पापड सादळलेत, तिकडे लक्ष नाही, आणि विड्यांना पाणी पाजताय!”

विधान घरगुती असले तरी पुस्तिकेच्या वर्मावर बोट ठेवणारे आहे. ‘सादळणे’ हा शब्द पाहा. पापड, चिवडा, आगकाडी आणि पावसाळ्यातला उत्साह या सगळ्यांचे काय होते हे त्या एका क्रियापदात आहे. पुस्तिकेच्या लेखकाजवळ हा शब्दच नाही, कारण त्याच्याजवळ हा अनुभवच नाही. त्याच्या सोळा पानांत हवा फक्त कोरडी पडते. बाहेर बर्फ, आत हीटर, आणि त्या खोलीत घसा आणि चिरूट दोघेही सुकलेले, अशा देशात बसून त्याने लेखन केले आहे. त्यामुळे ‘ओलावा कमी झाल्यास’ या विषयाला साडेचार पाने, आणि ‘ओलावा जास्त झाल्यास’ याला दीड ओळ. एप्रिलमधल्या पुण्यात हे लेखन अगदी वास्तववादी वाटते. तिथे दुपारी हवेतला ओलावा विशीत उतरतो आणि माणसांचे ओठही चिरुटाच्या आवरणासारखे तडकतात. पण जुलैतले ठाणे! तिथे घराबाहेर ८० टक्क्यांच्या खाली बातच नाही. भिंतींना घाम, पुस्तकांना वास, कपाटातल्या चपलांवर हिरवळ.

शिवाय टक्केवारी ही मोठी फसवी वस्तू आहे. हे परीक्षेच्या निकालात आपल्याला माहीत असते, हवेच्या बाबतीत नसते. ७० टक्के म्हणजे त्या उष्णतेला हवेत जेवढे पाणी मावते त्याच्या ७० टक्के. २१ अंशाला ते घनमीटरमागे सुमारे १३ ग्रॅम होते. आमच्या खोलीत ३० अंशाला तेच ७० टक्के सुमारे २१ ग्रॅमवर जाते. आकडा एक, पाणी दीडपटीहून जास्त. आणि उष्णता २४ अंशांच्या पुढे गेली की मघाच्या त्या कुबड्या भुंगेऱ्याची अंडी उबायला लागतात असे जाणकार बजावतात. ठाण्यात २४ अंश म्हणजे आम्ही मफलर शोधतो. लेखकाने आकडा दिला, आकड्यामागची हवा दिली नाही. परदेशी नाटकाच्या रूपांतरात शेकोटीभोवती बसलेली मराठी माणसे दिसावीत, तसे हे झाले आहे.

परंतु २०१६ च्या जूनमध्ये माझी ही समीक्षकबुद्धी जागी नव्हती. छापलेल्या शब्दावर माझी श्रद्धा होती. (स्वतः छापून येणाऱ्याची असतेच.) दर पंधरा दिवसांनी मी भर पावसाळ्यात स्पंजाला पाणी पाजत राहिलो. तबकडीची सुई ८८ वर जाऊन बसली. मला वाटले, प्रवासात तिचे डोके फिरले असावे.

दर रविवारी सकाळी नऊला मामांचा फोन यायचा. प्रश्न एकच. “आकडा?”

पहिल्या रविवारी मी म्हटले, “सत्तर.” पलीकडून समाधानाचा हुंकार आला आणि फोन ठेवला गेला. पुढच्या रविवारी सुई ८८ वर होती, तरी मी म्हटले, “सत्तर.” आजारी माणसाला कशाला काळजी? लेखकाच्या तोंडावर त्याची कादंबरी फसली म्हणून सांगणारा मी परखड समीक्षक. पण मामांपुढे माझी परखडता सादळली.

ऑगस्टमध्ये एका चिरुटावर पांढरी लव दिसली. बुरशी! मी त्याला गुपचूप बाहेर काढले आणि कागदात गुंडाळून ओल्या कचऱ्यात टाकले. ओला की सुका यावर क्षणभर विचार करावा लागला. अठराचे सतरा झाले.

तेव्हा मात्र मी अभ्यासाला लागलो. ओलावामापक खरा की खोटा हे तपासायची एक युक्ती आहे, आणि ती कुठल्याही स्वयंपाकघरात होते. बाटलीच्या झाकणात मीठ घ्यायचे, त्यावर पाण्याचे थेंब टाकून वाळूसारखे ओलसर करायचे, विरघळवायचे नाही. ते झाकण आणि मापक एकत्र घट्ट बंद पिशवीत रात्रभर ठेवायचे. ओल्या मिठाच्या सहवासात पिशवीतली हवा ७५ टक्क्यांवर येऊन थांबते. खोली थंड असो वा गरम, जवळजवळ ७५च. मिठाचा हा स्वभाव आहे. हवा ७५ च्या वर गेली की मीठ तिच्यातले पाणी ओढून घेते आणि स्वतः पाझरायला लागते.

हे वाचले आणि मला आमची आजी आठवली. मिठाच्या बरणीत बोट घालून ती सांगायची, “मिठाला पाणी सुटलं, आता पापड बाहेर काढू नका.” तिला टक्के ठाऊक नव्हते, पण ७५ ची रेघ कुठे आहे हे तिला बरोबर माहीत होते. माझ्या सोळा पानी पुस्तिकेपेक्षा ती बरणी अधिक प्रांजळ होती. ती ७५ च्या अलीकडचे काही सांगत नसे आणि पलीकडचे लपवत नसे. समीक्षेचा याहून चांगला आदर्श मला आढळलेला नाही.

रात्रभर ठेवून सकाळी पिशवी उघडली. पितळी तबकडी ८४ दाखवत होती. म्हणजे मामांची सुई नऊने पुढे होती! याचा अर्थ काय, तो दात घासता घासता माझ्या लक्षात आला. बारा वर्षे मामा गच्चीवर ज्याला सत्तर समजून ओढत होते ते प्रत्यक्षात एकसष्टच होते. त्यांच्या मुलीच्या लग्नाचा चिरूट, नातवाच्या बारशाचा चिरूट, २०११ च्या विश्वचषकाचा चिरूट, सगळे पुस्तिकेच्या हिशेबाने नापास.

एखाद्याच्या आवडत्या कवितेतला वृत्तदोष आपल्याला सापडावा, तसे मला झाले. सांगावे की नाही? मी सांगितले नाही. बाजारातून आकडे दाखवणारा नवा मापक आणला. हल्ली ओलाव्याच्या दुतर्फी पुड्याही मिळतात. आत मिठाचे दाट द्रावण, कमी पडले तर ओलावा सोडते, जास्त झाले तर शोषून घेते. पुडीवर आकडा छापलेला, ६२, ६५, ६९, ७२, हवा तो घ्यावा. मी ६९ च्या आणल्या, स्पंज काढून टाकला, आणि पेटी खऱ्या सत्तरच्या घरात नेऊन बसवली. पुढच्या रविवारी मी म्हटले, “सत्तर.” आता ते खरे होते. म्हणजे आता मी खोटे बोललो नाही. फक्त मापक बदलल्याचे बोललो नाही. समीक्षेत यालाच संयम म्हणतात.

ही पेटी सात वर्षे अशी नांदली. या काळात मी या विषयावरचे बरेच साहित्य वाचले आणि माझे मत पक्के होत गेले की चिरूट जपण्यावर लिहिणारे लेखक हे एका विशिष्ट पंथाचे आहेत. त्यांना वस्तूपेक्षा पेटी प्यारी. पुरावा देतो. अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांनी १९६२ च्या फेब्रुवारीत क्यूबाशी व्यापार बंद करणाऱ्या हुकमावर सही केली. त्यांचे प्रसिद्धिसचिव पिएर सॅलिंजर यांनी पुढे सांगितले, की सहीच्या आदल्या संध्याकाळी केनेडींनी त्यांना एक हजार क्यूबन चिरूट जमवायला सांगितले. सॅलिंजरनी बाराशे आणले. आणि मगच सही झाली. इथवर माणूस दिसतो, त्याची हाव दिसते, म्हणजे साहित्य आहे. पण पुढे १९९६ साली न्यूयॉर्कला केनेडींच्या पेटीचा लिलाव झाला. एका विनोदी नटाने त्यांना दिलेली ती पेटी ५,७४,५०० डॉलरांना गेली. चिरूट ओढणारा नाही, ओढण्याचा प्रसंग नाही, फक्त पेटी! उलट टोकाला शेरलॉक होम्स. कॉनन डॉयलच्या १८९३ च्या एका कथेत वॉटसन तक्रार करतो, की हा गृहस्थ चिरूट कोळशाच्या बादलीत ठेवतो. शेगडीशेजारी, म्हणजे घरातल्या सर्वांत कोरड्या जागी. पुस्तिकेच्या लेखकाला हे वाचून फीट आली असती. पण त्या बादलीतल्या चिरुटांना एक भाग्य होते: ते ओढले जात होते.

आणि इथे मला पुस्तिकेवरचा मुख्य आक्षेप नोंदवायचा आहे. सोळा पानांत चिरुटाला श्वास घेता यावा म्हणून दोन चिरुटांत किती अंतर ठेवावे हे आहे. त्याला गुदमरायला होऊ नये म्हणून अधूनमधून झाकण उघडावे हेही आहे. जो तो ओढणार त्याच्या श्वासाबद्दल मात्र चकार शब्द नाही. नायक रंगवताना लेखकाने दुसऱ्या महत्त्वाच्या पात्राकडे साफ दुर्लक्ष केले आहे.

ते पात्र २०२३ च्या ऑगस्टमध्ये पुण्याच्या एका रुग्णालयात दाखल झाले. मी पहिल्या गाडीने गेलो. मामा खाटेवर तिरके बसवलेले, नाकात नळी. नळी भिंतीवरच्या एका बाटलीतून आलेली, आणि बाटलीत पाणी बुडबुडत होते. कोरडा प्राणवायू नाकाघशाला सोसत नाही, म्हणून तो पाण्यातून ओला करून देतात. सिस्टर येऊन बाटलीतले पाणी बदलू लागल्या. मामांनी कष्टाने डोळे उघडले आणि विचारले, “नळाचं नाही ना?”

“नाही हो आजोबा, डिस्टिल्ड आहे.”

मामांनी माझ्याकडे पाहिले. आम्ही दोघे हसलो. त्यांना ठसका लागला, सिस्टर माझ्यावर रागावल्या.

त्यांच्या बोटाला चिमटा होता. २०२० नंतर हा चिमटा म्हणजे काय हे आपल्याकडे कुणाला सांगावे लागत नाही. यंत्राचे तोंड भिंतीकडे वळलेले होते. थोड्या वेळाने मामांनी विचारले, “आकडा?”

यंत्रावर ८९ होते. मी म्हटले, “पंच्याण्णव. छान आहे.”

मामा शांतपणे म्हणाले, “खिडकीच्या काचेत दिसतंय मला. एकोणनव्वद आहे. उलटं दिसतं, पण वाचता येतं. चाळीस वर्षं गेज वाचण्यात गेलीत माझी. आणि माझ्या असल्या छातीला अठ्ठ्याऐंशी ते ब्याण्णवच ठेवायचं असतं, डॉक्टरांनी सांगितलंय. पंच्याण्णव झालं तर तेच ऑक्सिजन कमी करतात. तू खोटे आकडे सांगायला कधीपासून लागलास?”

मग मी सगळे सांगून टाकले. पावसाळ्यात पाजलेले पाणी, अठ्ठ्याऐंशीचे सत्तर, बुरशी, मिठाची पिशवी, नऊची चूक, नवा मापक. एखाद्या लेखकाने स्वतःच स्वतःच्या पुस्तकाचे परीक्षण लिहावे तसे.

मामा ऐकत होते. “एक बुरशीने गेला? सतराच आहेत?”

“सतरा.”

“तू ओढला असतास तर बरं झालं असतं. कुणाच्या तरी उपयोगी पडला असता.” मग डोळे मिटून म्हणाले, “सुई नऊने पुढे आहे हे मला २००४ सालीच माहीत होतं. जहाजावरचा माणूस आयतं आलेलं गेज तपासल्याशिवाय भिंतीला लावतो का? पुस्तिकेतलं सत्तर मी दोन महिने करून बघितलं. ओढ लागेना. मग उतरवत उतरवत एकसष्टला आणलं. तिथे सुई सत्तरवर येत होती, म्हटलं, बरंच झालं, मामीला पुस्तकाप्रमाणे दिसतंय. दर रविवारी तू सत्तर म्हणायचास, मी मनात नऊ वजा करायचो.” थोडे थांबून, दम घेऊन ते म्हणाले, “म्हणजे सात वर्षं माझे चिरूट भिजवत बसलास, शहाण्या!”

मी तीस वर्षे समीक्षा लिहितो आहे. इतके नेमके परीक्षण माझे कुणी केले नव्हते. दोन्ही वेळा मी आकडा गोड केला, आणि दोन्ही वेळा खरा आकडाच त्यांच्यासाठी बरोबर होता. मामांची सुई चुकत होती, पण मामा चुकत नव्हते. माझा मापक अचूक होता, आणि मी सात वर्षे चुकत होतो.

मामा घरी आले. आता त्यांच्या खोलीत हवेतून प्राणवायू काढणारे यंत्र घरघरत असते. त्यालाही पाण्याची बाटली आहे, तिलाही डिस्टिल्ड वॉटरच लागते. यंत्राजवळ उघडी ज्योत चालत नाही. म्हणून मामींनी देवघरसुद्धा दुसऱ्या खोलीत हलवले, निरांजन तिकडे लागते. तेव्हा मामांनी चिरूट पेटवण्याचा प्रश्न कायमचा मिटला. मी विचारले, “मग या सतरांचं करायचं काय?”

ते म्हणाले, “दोन मोठे आहेत ना, खालच्या थरात? ते मी चांगल्या प्रसंगासाठी ठेवले होते. प्रसंग आले, पण दर वेळी वाटायचं, याहून चांगला येईल.”

पुस्तिका मी पुन्हा पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळली. चिरूट कसा ठेवावा, किती वर्षे ठेवावा, कशाशेजारी ठेवू नये, सगळे आहे. बाहेर कधी काढावा याबद्दल एकही ओळ नाही. मुद्रणदोष म्हणून हे सोडून देता येणार नाही.

पेटी अजून आमच्याकडेच आहे. ६२ च्या पुड्या घालून मी तिला हळूहळू खाली उतरवले आहे. घाईने उतरवली तर आवरणे तडकतात. मधल्या काळात मामांच्या जहाजावरचे एक जुने सहकारी मुंबईत आले होते. मामांच्या सांगण्यावरून खालच्या थरातला एक मोठा चिरूट मी त्यांना दिला. त्यांनी तो आमच्या गच्चीत ओढला. मी फोन स्पीकरवर ठेवला. पहिल्या झुरक्यानंतर ते बराच वेळ बोलले नाहीत. मामांना राहवेना. “ओढ कशी आहे?” पलीकडून प्रश्न आला. “थोडा ओला आहे,” ते म्हणाले. मामा मोठ्या समाधानाने म्हणाले, “समीक्षकाने भिजवलाय.”

रविवारी नऊला फोन येतो. “आकडा?” मी जो असेल तो सांगतो. गेल्या रविवारी त्रेसष्ट होता. मग मी विचारतो, “तुमचा?” तेही जो असेल तो सांगतात. कधी नव्वद, कधी एक्क्याण्णव, एखाद्या वाईट दिवशी सत्त्याऐंशी. त्यावर “छान आहे” म्हणायची सवय मी सोडली आहे. बायकोने मिठाची बरणी पेटीशेजारी आणून ठेवली आहे, म्हणते दोन्ही कामे एकदम होतील.

तेव्हा एकंदरीत: बांधणी मजबूत, बाह्यांग आकर्षक, पुस्तिका एककल्ली. किंमत ठाऊक नाही, भेट आहे. प्रत्येकाने संग्रही ठेवावी असे मात्र मी म्हणणार नाही. संग्रही सोळा आहेत, त्यांतला एक मोठा आहे. तुमच्यापैकी कुणाच्या घरी खरोखरच चांगला प्रसंग असेल तर कळवा. मामांना विचारून सांगतो.